पिशवीसकट

बायको बहिणीकडे जायला निघाली तेव्हा तिनं मला गॅसचं बटण, घराची किल्ली, दूध उतू जाणं यांपैकी कशाचीही आठवण करून दिली नाही. बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, गाडी खाली उभी होती, तरी तिनं मला हाताला धरून बाल्कनीत नेलं आणि खताच्या निळ्या ड्रमसमोर उभं केलं.

"फक्त सालं आणि वाळकी पानं," ती म्हणाली. "एक दिवसाआड ढवळायचं. ओलं वाटलं तर पानं वाढवायची, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. आणि अहो, कृपा करून यात डोकं घालू नका."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी ज्या कार्यालयात काम करतो तिथे माझी मान हलल्याशिवाय साधा पंखासुद्धा दुरुस्तीला जात नाही. अशा माणसाला केळ्याच्या सालींच्या बाबतीत डोकं बाजूला ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. पण गाडीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून मी अपमान गिळला आणि बॅग उचलली.

ड्रमबद्दल सांगायला हवं. आधीचे दोन ड्रम कुजून, किडे पडून, अख्ख्या इमारतीला नाक धरायला लावून गेले. हा तिसरा मात्र जमला. दह्याला विरजण लागतं तसं चांगल्या खताला जुन्या खताचं विरजण लागतं, हे तिला कळलं आणि मग तिनं मागे वळून पाहिलं नाही. ड्रममधून काळंभोर, भुसभुशीत, बागेतल्या मातीसारखा वास असणारं खत निघू लागलं. त्याच्या वाट्या भरभरून तिनं इमारतीत घरोघरी विरजण वाटलं. बहुतेकांच्या हातून ते मेलं, पण ते सोडा. मुद्दा असा की तिची कीर्ती कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत गेली आणि शाळेचे बागकामाचे सर घरी येऊन सांगून गेले की येत्या रविवारी मुलांच्या वाफ्यांसाठी दोन बादल्या खत न्यायला येतो, आणि बाई, तुम्हीही चला, मुलांना दोन शब्द सांगा.

आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी बोलायला बोलावलं होतं. त्या दिवसापासून ती भांडी घासताना नळाला उद्देशून म्हणायची, "तर मुलांनो, माती ही विकत आणायची गोष्ट नाही." मी वर्तमानपत्रामागे बसून ऐकू न आल्यासारखं दाखवायचो. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटत होता. आणि थोडीशी असूयाही वाटत होती, कारण मला इतक्या वर्षांत कोणी चार मुलांसमोरही उभं केलं नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते वाईट हेतूनं आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. ती दोन बादल्या देणार होती. मी हातभार लावला तर चार होतील, एवढंच मला वाटलं.

चार बादल्यांसाठी जास्त सालं हवीत. जास्त सालं म्हणजे शेजाऱ्यांची सालं. आणि शेजाऱ्यांची सालं हातात धरायची मला मनापासून किळस आहे. इथे मला आमच्या कार्यालयाच्या कोठीची आठवण झाली. मागे कधीतरी आम्ही पर्यावरण सप्ताह साजरा केला होता. त्यात वाटायच्या म्हणून मागवलेल्या पिशव्या सप्ताह संपल्यावर आल्या आणि तेव्हापासून खिडकीशी ऊन खात पडल्या होत्या. फिकट हिरवा रंग, त्यावर एक पान, आणि पानाखाली ठसठशीत अक्षरांत 'जैवविघटनशील'. कोठीवाल्यानं गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि मी विचार बदलायच्या आत दार लावून घेतलं.

प्रत्येक घरात मी पिशव्या दिल्या. सालं यात भरा, गाठ मारा, माझ्या दाराशी ठेवा. मी पिशवीसकट ड्रममध्ये टाकतो. सालांची माती होईल, पिशवीची माती होईल, कोणाच्या हाताला घाण लागणार नाही. या योजनेत मला एकही दोष दिसेना. माझ्या योजनांमध्ये मला दोष दिसत नाही तेव्हा सावध व्हायला हवं, हे घरात फक्त बायकोला माहीत आहे आणि ती बहिणीकडे होती.

शेजारी सहकार्य करायला टपलेलेच असतात. समोरच्या दारातले औषधवाले, म्हणजे ज्यांचं औषधांचं दुकान आहे ते, पिशवी दिव्यासमोर धरून म्हणाले, "मात्रा बरोबर ठेवा. सकाळी एक, संध्याकाळी एक. रिकाम्या ड्रममध्ये देऊ नका." वरच्या मजल्यावरचे काका आले. ते जन्मभर कारखान्यात बॉयलरवर होते आणि जगातली कुठलीही अडचण तापमान चुकल्यामुळे येते असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांनी ड्रमच्या पोटावर तळहात ठेवला, मान हलवली आणि "थंड आहे" एवढंच बोलून गेले. त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात एकाचा निरोप समारंभ झाला. तिथले कप आणि चमचे मी उचलून आणले, कारण त्यांच्यावर 'कंपोस्टेबल' असं छापलं होतं. मला तेव्हा हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटत होते. तेही ड्रममध्ये गेले.

रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. बहिणीच्या पायाबद्दल एक वाक्य, मग ड्रम.

"वास कसा आहे?"

"मातीसारखा."

"गरम लागतंय का आत हात घातल्यावर?"

"छान लागतंय," मी म्हणायचो. हात घालायचा तर प्रश्नच नव्हता. आत पिशव्या होत्या.

रविवार जवळ आला तसं मी एकदा झाकण काढून काठी फिरवली. काठी फिरेना. ओढून पाहिली तर तिच्या टोकाला चार पिशव्या लोंबत वर आल्या. एकीलाही साधा चरा गेला नव्हता. पान तसंच, अक्षरं तशीच. आतली सालं मात्र सडून पाणी झाली होती आणि पिशव्या फुगून टम्म झाल्या होत्या. त्यातली एक माझ्यासमोर फुटली. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही, कारण वाचणारे जेवणखाण करून बसलेले असतील. तळाच्या पिशव्यांना हात पोचेना म्हणून मी कमरेपासून वाकलो आणि खांद्यापर्यंत आत गेलो.

"कोण पडलंय आत?" वरच्या बाल्कनीतून काका ओरडले.

"मीच आहे," मी आतून म्हणालो.

"बरं," काका म्हणाले. "थंड आहे ना?"

डोकं घालू नका असं बायकोनं सांगितलं होतं, आणि मी ते अक्षरशः घालून बसलो होतो. हे मला त्याच अवस्थेत सुचलं आणि त्यानं काही बरं वाटलं नाही.

बाहेर येऊन, अंघोळ करून, मी नगरपालिकेच्या घनकचरा विभागाला फोन लावला.

"आमच्या पिशव्या विरत नाहीत," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"जैवविघटनशील."

"ते टेबल वेगळं. थांबा."

बराच वेळ बासरी वाजली. मग दुसरा आवाज आला. "बोला, विघटनशील."

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "किती दिवसांत विरेल असं पिशवीवर लिहिलंय?"

"काहीच लिहिलं नाही."

"मग घाई कसली? विघटनशील म्हणजे कधीतरी विघटन होईल. तुमच्या घराचं लाकडी दार आहे ना, तेही विघटनशील आहे. ते घालाल का ड्रममध्ये? कंपोस्टेबल असेल तर ठरल्या मुदतीत त्याचं खत व्हायला हवं, आणि मातीला बाधेल असं मागे काही राहायला नको. पण ते टेबल वेगळं."

"माझ्या ड्रममध्ये कंपोस्टेबल कपसुद्धा आहेत. तेही जसेच्या तसे आहेत," मी म्हणालो. हे मी जरा विजयानं म्हणालो, का ते मला आता सांगता येणार नाही.

पुन्हा बासरी. या वेळी एक बाई होत्या. "घरगुती कंपोस्टेबल की औद्योगिक?"

"कपावर पान आहे."

"पान सगळ्यांवरच असतं. औद्योगिक असतील. त्यांना सलग बरेच दिवस साठ डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. घरच्या ड्रममध्ये नाही व्हायचे. मोठ्या प्रकल्पात होतात."

"मग आपल्याकडे तसा प्रकल्प आहे का?"

"मंजूर आहे," बाई म्हणाल्या.

या संभाषणातून शहाण्या माणसानं एकच बोध घेतला असता, की कप आणि पिशव्या बाहेर काढाव्यात आणि गप्प बसावं. पण मी फोन बाल्कनीत उभा राहून केला होता आणि वरून काकांनी साठ डिग्री हे शब्द ऐकले होते. ते चपला न घालता खाली आले. माणसाला निवृत्तीनंतर एवढं प्रसन्न झालेलं मी कधी पाहिलं नाही.

"साठच ना?" ते म्हणाले. "साठात आम्ही हात धुवायचो."

ड्रमभोवती दोन घोंगड्या गुंडाळल्या गेल्या. आत विजेचा दिवा सोडला गेला. मी स्वयंपाकघरातून उकळतं पाणी आणायचं आणि काकांनी ओतायचं, अशी कामाची वाटणी झाली. औषधवाल्यांनी थर्मामीटर आणून दिला, पण तो तापाचा होता. बेचाळीसला जाऊन तो थांबला आणि मग त्याचा पारा उतरेचना. "रुग्ण गंभीर आहे," औषधवाले म्हणाले. वाफ इतकी झाली की समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं वासानं, पण त्यांना कारखाना आठवला होता.

झाकण उघडलं तेव्हा चमचे सगळे वाकले होते. विरला एकही नव्हता, नुसते मान टाकून बसले होते. पिशव्या ठणठणीत होत्या. आणि त्या दोघांच्या मध्ये, माझ्या बायकोनं एवढ्या निगुतीनं वाढवलेलं खत, त्यातले न दिसणारे लाखो जीव आणि दिसणारी गांडुळं, सगळं शिजलं होतं. वास बदलला होता. मातीचा वास ओळखायला मी काही तज्ज्ञ नाही, पण हा मातीचा नव्हता. मला भांडी घासणारी बायको आठवली. तर मुलांनो, माती ही विकत आणायची गोष्ट नाही. 

अशा वेळी माणूस पुरावा नष्ट करायला बघतो. मी सगळा ऐवज दोन पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीपाशी नेला. ओल्या कचऱ्याच्या गाडीवाल्यानं पोत्यात डोकावून सांगितलं की यात पिशव्या आहेत, हे सुक्यात जाईल. सुक्या कचऱ्याच्या गाडीवाल्यानं सांगितलं की यात सालं आहेत, हे ओल्यात जाईल. मी म्हटलं, पिशव्यासुद्धा विघटनशील आहेत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दोघांचं तेवढ्यापुरतं एकमत झालं. पोती माझ्याबरोबर परत वर आली.

तोवर आणखी एक प्रकार झाला होता. ड्रमच्या बुडाला भोक आहे. काकांनी ओतलेलं उकळतं पाणी त्यातून तपकिरी होऊन गळलं आणि थेट खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडलं.

खालच्या वहिनी आणि माझी बायको दीड वर्षापासून एकमेकींशी बोलत नाहीत. कारण हेच. असंच पाणी, अशीच चादर. त्याआधी दोघींचं इतकं मेतकूट होतं की संध्याकाळी कोणाच्या घरात कोण आहे ते कळायचं नाही. मग चादरीवरून शब्दाला शब्द वाढला. बायको म्हणाली, "डाग निघतो, बोललेला शब्द निघत नाही," त्या म्हणाल्या, "मग खत तरी कशाला वाटत फिरतेस," आणि तेव्हापासून जिन्यात दोघी भिंतीकडे बघत जातात. आता तशीच चादर पुन्हा, आणि मधे फक्त मी.

माफी मागायला मी खाली गेलो. जाताना दोन वाक्यं पाठ केली होती. वहिनींनी दार उघडलं, माझ्या अवताराकडे पाहिलं आणि दोन्ही वाक्यं मी विसरलो.

"भावोजी, वरती शिजवताय काय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. पिशव्या, कप, तीन टेबलं, बॉयलर, रविवार, शाळा, चार बादल्या.  चादरीचा त्यांनी विषयच काढला नाही. बाजूला होऊन म्हणाल्या, "या."

त्यांनी मला न्हाणीघरात नेलं. बादल्यांच्या मागे, जुन्या टॉवेलखाली झाकलेला, एक ड्रम होता. झाकण काढलं. काळंभोर, भुसभुशीत, बागेच्या मातीचा वास. वर संत्र्याच्या सालीचे कात्रीनं कापलेले बारीक बारीक चौकोन होते.

"हे तिनं दिलेल्या वाटीचं आहे," वहिनी म्हणाल्या. "बाल्कनीत ठेवलं असतं तर तिला वरून दिसलं असतं. उगाच तिला वाटलं असतं मी अजून तिचं काही ठेवलंय."

मी म्हणालो, "वहिनी, मला दोन बादल्या द्याल का?"

"देत नाहीये," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याला परत करतेय. आणि तिला कळता कामा नये."

शनिवारभर मी जमिनीवर बसून कपड्यांचा चिमटा नाकाला लावून सालं वेगळी आणि पिशव्या वेगळ्या करत होतो. किळस केव्हाच संपली होती. पिशव्या, कप आणि चमचे धुऊन सुक्या गाडीला दिले, उरलेला लगदा ओल्या गाडीला दिला, ड्रम घासून कोरडा केला, वहिनींचं खत त्यात ओतलं. खताचा वास लागू नये म्हणून माझा एकुलता एक चांगला कोट मी आधीच एका हिरव्या पिशवीत घालून खिडकीत टांगला होता. त्या सगळ्या पिशव्यांपैकी हीच एक काही कामाची निघाली असं मी स्वतःशी म्हटलंही.

रविवारी सकाळी बायको आली. बॅग दारात ठेवून ती आधी बाल्कनीत गेली. झाकण काढून तिनं मनगटापर्यंत हात घातला, मूठभर खत वर काढलं, वास घेतला, बोटांनी फोडून पाहिलं. मी वर्तमानपत्र उलटं धरलं असावं.

"सालं कोणी कापली?"

"मी."

"कशानं?"

"कात्रीनं."

"आपल्या घरात कात्री कुठे असते?"

मी कपाटाकडे बोट केलं. मग टेबलाकडे केलं. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. तळहातावरच्या संत्र्याच्या चौकोनाकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला तिच्या रागाची भीती वाटेना, दुसरंच काही वाटायला लागलं.

"अजून अशीच कापते," ती म्हणाली. "मी किती सांगितलं होतं, एवढं बारीक नको म्हणून."

तेवढ्यात बेल वाजली. शाळेचे सर बादल्या घेऊन आले होते. खत बघून ते खूश झाले, बाई, कमाल आहे तुमची, असं काहीतरी म्हणाले. बायकोनं खाली मान घालून दोन्ही बादल्या भरल्या. मला वाटलं, निभावलं. तेव्हा ती उठून उभी राहिली.

"सर, हे खत माझं नाही. माझं यांनी डोकं घालून बिघडवलं. हे खालच्या मजल्यावरच्या बाईंचं आहे. मुलांशी बोलायला त्यांना न्या."

मी जमिनीत गडप व्हायला तयार होतो, पण आमचा मजला तिसरा आहे. सर माझ्याकडे, मी सरांकडे. आणि बायको कठड्यावरून वाकून, दीड वर्षात पहिल्यांदा, खाली हाक मारत होती. "अगं, ऐकतेस का? साडी बदल आणि वर ये. शाळेत जायचंय."

खालून आवाज आला, "मी नाही बोलणार मुलांसमोर. तू बोल. मी उभी राहीन."

वहिनी वर आल्या तेव्हा दोघी एकमेकींशी काही विशेष बोलल्या नाहीत. बायको म्हणाली, "चादर?" वहिनी म्हणाल्या, "निघाला डाग." मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "तुम्हीही चला. बादल्या कोण उचलणार? आणि जरा माणसासारखे या, तो कोट घाला."

मी खिडकीतून कोट काढायला गेलो. पिशवीला हात लावला आणि ती हातात राहिलीच नाही. ड्रममध्ये, उकळत्या पाण्यात, काकांच्या देखरेखीखाली जिच्या बहिणींना चरा गेला नव्हता, ती कोठीत आणि खिडकीत ऊन खाऊन खाऊन माझ्या कोटावर हिरवा चुरा होऊन सांडली. खांद्यावर, कॉलरवर, खिशांत, बाह्यांत. झटकावं तितकी जास्त बारीक होत होती. मी कोट तसाच अंगात घालून बाहेर आलो, कारण दुसरा नव्हता.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. बायकोनं भिंतीला हात टेकला. दोघी हसत होत्या, थांबून पुन्हा हसत होत्या, एकीचं संपलं की दुसरीचं सुरू होत होतं. इतक्या महिन्यांनी माझ्या घरात हा आवाज आला होता आणि त्याचं कारण मी होतो, तेव्हा मला रागवावं की नाही ते ठरवता येईना. सर सभ्य माणूस. त्यांनी माझ्या बाहीवरचा एक हिरवा कण चिमटीत धरून न्याहाळला आणि विचारलं, "हे विघटनशील आहे का हो?"

"आहे ना," मी म्हणालो, आणि खांदे झटकायला बादल्यांजवळ सरकलो.

"लांब," दोघी एकदम म्हणाल्या.